क्षयरोगात इंटरफेरॉन: किती यापेक्षा कोणते, कुठे आणि केव्हा

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. एका घरातील वडिलांच्या थुंकीत क्षयजंतू आढळले, म्हणून २७ वर्षांची मुलगी आणि २२ वर्षांचा मुलगा यांची तपासणी झाली. दोघांनाही खोकला, ताप किंवा वजनघट नाही आणि दोघांचेही छातीचे एक्स-रे स्वच्छ आहेत. इंटरफेरॉन-गॅमा मोजणाऱ्या रक्तचाचणीत, म्हणजे आयजीआरएमध्ये, मुलीचा आकडा ६.८ आला आणि मुलाचा ०.०९. आपण स्वतः डॉक्टर आहात आणि तीन गोष्टी विचारता: मुलीच्या पेशी इतके इंटरफेरॉन तयार करत असतील तर ती अधिक सुरक्षित समजावी की अधिक धोक्यात, क्षयरुग्णांच्या रक्तात इंटरफेरॉनची खूण वाढलेली दिसते असे वाचनात आले, ते याच्याशी कसे जुळते, आणि इंटरफेरॉन एवढे महत्त्वाचे असेल, तर आपण ते औषध म्हणून का देत नाही.

६.८ हा आकडा मुलगी सुरक्षित आहे असे सांगत नाही. तिला क्षयरोग झाला आहे असेही सांगत नाही. क्षयजंतूविरुद्धच्या प्रतिकारात इंटरफेरॉन-गॅमावाचून चालत नाही, पण ते जितके जास्त तितके संरक्षण जास्त हा हिशेब चुकीचा आहे, आणि लस-संशोधनाने या हिशेबाची मोठी किंमत मोजली आहे. क्षयरुग्णांच्या रक्तातील जी खूण आपण वाचली, तिच्यामागे बहुतांशी इंटरफेरॉनचे वेगळेच कूळ आहे आणि ती आजार वाढत असल्याची खूण आहे. औषधाबद्दल सांगायचे, तर ज्यांच्या शरीरात इंटरफेरॉन-गॅमा जन्मतःच कमी तयार होते अशा थोड्या रुग्णांना त्याचा खरोखर उपयोग होतो. इतरांना फारसा नाही. असे का, ते आता सविस्तर पाहू.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ मध्ये लंडनमधील मिल हिल येथे ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी विषाणूंवर काम करताना लावला. आज त्याची तीन कुळे मानली जातात. पहिल्या कुळात अल्फा, बीटा आणि त्यांचे नातलग येतात, आणि शरीरातील जवळपास कोणतीही पेशी ती तयार करू शकते. दुसऱ्या कुळात एकटे गॅमा आहे, आणि ते मुख्यतः टी पेशी (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) व नैसर्गिक मारक पेशी तयार करतात. तिसरे लॅम्डा कूळ श्लेष्मल आवरणांवर काम करते. क्षयरोगात त्याचे महत्त्व अजून फारसे दिसलेले नाही, म्हणून ते बाजूला ठेवतो. पहिल्या दोन कुळांचे पेशीवरील ग्राहक, म्हणजे संकेत पकडणारी प्रथिने, वेगळे आहेत, पण पेशीच्या आत दोघांचेही संकेत जॅक आणि स्टॅट या प्रथिनांमार्फत केंद्रकापर्यंत जातात. त्यामुळे दोन्ही कुळे जी जनुके जागी करतात त्यांतील बरीचशी सामाईक आहेत. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढे रक्तातील खूण वाचताना तो आडवा येतो.

क्षयजंतू श्वासावाटे फुप्फुसाच्या वायुकोशांत पोहोचला की तेथील मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, त्याला गिळतात. सामान्यतः गिळलेला जंतू ज्या पिशवीत असतो तो फॅगोसोम पुढे आम्लधर्मी होतो, लायसोसोमशी म्हणजे पाचक रसांच्या पिशवीशी जोडला जातो आणि जंतू पचतो. क्षयजंतू मात्र ही प्रक्रिया मधेच रोखतो आणि ज्या पेशीने त्याला मारायचे तिच्यातच वाढू लागतो. ही कोंडी फुटते ती टी पेशींच्या मदतीने. जंतू गिळलेल्या मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशी इंटरल्यूकिन-१२ हे संकेत देणारे प्रथिन सोडतात. त्याच्या प्रभावाखाली टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा तयार करणाऱ्या वाणाच्या बनतात. आणि ते इंटरफेरॉन परत मॅक्रोफेजवर काम करून तिला मारक बनवते. मॅक्रोफेजला सक्रिय करणारा हा घटक इंटरफेरॉन-गॅमाच आहे, हे १९८३ मध्ये कार्ल नॅथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

सक्रिय होणे म्हणजे नेमके काय, हे उंदरांत चांगले उलगडले आहे. इंटरफेरॉन-गॅमामुळे मॅक्रोफेजमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे विकर वाढते, फॅगोसोमची थांबलेली वाटचाल पुन्हा सुरू होते, पेशीची स्वभक्षणाची यंत्रणा म्हणजे ऑटोफॅजी जागी होते, आणि जंतूचे तुकडे टी पेशींना दाखवणारे एमएचसी-२ रेणू पृष्ठभागावर वाढतात, म्हणजे पुढच्या टी पेशींना तिची ओळख पटणे सोपे होते. माणसाच्या मॅक्रोफेजमध्ये हीच साखळी जशीच्या तशी चालत नाही. प्रयोगशाळेत माणसाच्या मॅक्रोफेजना नुसते इंटरफेरॉन-गॅमा दिले, तर क्षयजंतू मारण्याची त्यांची क्षमता उंदरांइतकी वाढत नाही. माणसात ड जीवनसत्त्वाचाही यात हात आहे: पुरेसे ड जीवनसत्त्व असेल तर इंटरफेरॉन-गॅमाच्या प्रभावाखाली मॅक्रोफेज कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक पेप्टाइड तयार करते. (म्हणून क्षयरुग्णाला ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले की तो लवकर बरा होतो असा अर्थ कोणी काढू नये, तशा उपचाराच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकंदरीत निराशाजनक आहेत.)

इंटरफेरॉन-गॅमावाचून चालत नाही याचे दोन भक्कम पुरावे १९९० च्या दशकात मिळाले. १९९३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी इंटरफेरॉन-गॅमाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना क्षयजंतूचा संसर्ग दिला. सामान्य उंदीर जो संसर्ग महिनोन्महिने आटोक्यात ठेवतात, तो या उंदरांच्या शरीरभर पसरला आणि ते लवकर मेले. १९९६ मध्ये माणसातला पुरावा आला. माल्टातील काही मुलांना अन्यथा निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या मायकोबॅक्टेरियांचा, म्हणजे क्षयजंतूच्या नातलग जंतूंचा, आणि ट्युनिशियातील एका बालकाला बीसीजी लसीतल्या जंतूचाच, सर्वांगभर पसरणारा संसर्ग झाला होता. दोन्हीकडे मूळ दोष इंटरफेरॉन-गॅमाच्या ग्राहकाच्या जनुकात निघाला. त्यानंतर इंटरल्यूकिन-१२, त्याचा ग्राहक, स्टॅट-१ अशी साखळीतली एकेक कडी तुटलेली कुटुंबे सापडत गेली. या साऱ्या आजारांना मिळून मायकोबॅक्टेरियांना बळी पडण्याची मेंडेलीय प्रवृत्ती म्हणतात. त्यातील सर्वाधिक आढळणारा दोष इंटरल्यूकिन-१२ च्या ग्राहकातला आहे.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक बाळाला जन्मतःच बीसीजी टोचली जाते, त्यामुळे हा दुर्मीळ दोष प्रथम उघड होतो तो बहुधा लसीच्या जागीच. टोचल्यानंतर काखेत एखादी गाठ येणे आणि काही आठवड्यांत आपोआप विरणे ही सामान्य गोष्ट आहे. पण गाठी वाढत गेल्या, फुटून वाहत राहिल्या, यकृत-प्लीहा वाढली, बाळाचे वजन वाढेनासे झाले किंवा भावंडांतही असेच घडले असेल, तर केवळ क्षयरोगाची औषधे सुरू करून थांबू नये. त्या बाळाची रोगप्रतिकारशक्ती तपासून घ्यावी. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत जन्मजात प्रतिकारदोषांच्या निदानाचे काम चालते. बालरोगतज्ज्ञांनी अशी मुले तिथे लवकर पाठवावीत असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण बहुतेक मुले दोन-तीनदा क्षयरोगाचे उपचार झाल्यावरच तिथपर्यंत पोहोचतात.

हीच कडी प्रौढ वयातही तुटू शकते. थायलंड आणि तैवानमध्ये, एचआयव्ही नसलेल्या प्रौढांना वारंवार मायकोबॅक्टेरियांचे आणि बुरशीचे पसरणारे संसर्ग होत होते. त्यांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉन-गॅमाला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. २०१२ मध्ये या आजाराचे मोठे वर्णन प्रसिद्ध झाले. आपल्या रोजच्या व्यवहारात मात्र यापेक्षा जवळचे उदाहरण औषधांचे आहे. संधिवातासाठी दिली जाणारी टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब ही औषधे ज्या जॅक विकरांना रोखतात, त्यांच्यावरूनच इंटरफेरॉनचे संकेत जातात. म्हणून ही औषधे सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयसंसर्गाची, म्हणजे जंतू शरीरात आहे पण आजार नाही अशा अवस्थेची, तपासणी करणे भारतात तरी औपचारिकता मानता येणार नाही.

इथपर्यंतचे वाचून कोणालाही वाटेल की इंटरफेरॉन-गॅमा जितके वाढवता येईल तितके चांगले. लस-संशोधकांनाही बराच काळ तसेच वाटले. नव्या लसीने इंटरफेरॉन-गॅमा तयार करणाऱ्या टी पेशी वाढवल्या की ती यशस्वी ठरेल, असे गृहीत धरून लसी निवडल्या गेल्या. एमव्हीए८५ए ही लस दक्षिण आफ्रिकेतील वेस्टर्न केपमध्ये बीसीजी घेतलेल्या जवळपास २,८०० बाळांवर तपासली गेली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लसीने अपेक्षित पेशी वाढवल्या, परंतु क्षयरोगापासूनच्या संरक्षणात प्लासिबोपेक्षा लक्षणीय फरक पडला नाही. त्याआधीच, बीसीजी दिलेल्या बाळांत इंटरफेरॉन-गॅमा तयार करणाऱ्या टी पेशींचे प्रमाण आणि पुढे क्षयरोग होणे-न होणे यांचा मेळ बसत नाही असे त्याच भागात दिसले होते. चेन्नईच्या संशोधकांनी मधुमेह असलेल्या क्षयरुग्णांत या वाणाच्या टी पेशी कमी नव्हे तर जास्त असल्याचे दाखवले. आणि मधुमेही क्षयरुग्णांची प्रकृती इतरांपेक्षा बिकट असते हे आपण रोज पाहतोच. युगांडात तर क्षयरुग्णाच्या घरात वर्षानुवर्षे राहूनही ज्यांची त्वचाचाचणी आणि आयजीआरए दोन्ही कायम नकारात्मक राहिली अशा माणसांचा अभ्यास झाला. त्यांच्या रक्तात क्षयजंतूविरुद्ध प्रतिपिंडे होती आणि क्षयप्रतिजनांना (प्रतिकारयंत्रणा ओळखते अशा जंतूच्या प्रथिनांना) प्रतिसाद देणाऱ्या टी पेशीही होत्या, फक्त त्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा तयार करत नव्हत्या. म्हणजे जंतूशी गाठ पडली होती, पण आपली नेहमीची मोजपट्टी ती टिपू शकत नव्हती.

गरज आहे, पण पुरेसे नाही, याचे कारण मला तरी मुख्यतः जागेत दिसते. आपण मोजतो ते हातातून काढलेल्या रक्तात, आणि लढाई चाललेली असते फुप्फुसातल्या ग्रॅन्युलोमात, म्हणजे जंतूंभोवती प्रतिकारपेशी जमून बनलेल्या गाठीत. उंदरांत असे दिसले की सर्वाधिक इंटरफेरॉन-गॅमा तयार करणाऱ्या, अतिपक्व टी पेशी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतच अडकून राहतात; ऊतीत शिरून जंतू आटोक्यात ठेवतात त्या त्यांच्यापेक्षा कमी इंटरफेरॉन तयार करणाऱ्या पेशी. २०१६ मधील एका अभ्यासात सीडी-४ टी पेशींमुळे मिळणाऱ्या एकूण संरक्षणापैकी इंटरफेरॉन-गॅमाचा वाटा प्लीहेत सुमारे ८० टक्के, पण फुप्फुसात सुमारे ३० टक्केच निघाला. माकडांच्या ग्रॅन्युलोमांत तर एका वेळी फारच थोड्या टी पेशी कोणतेही सायटोकाइन (इंटरफेरॉनसारखे संकेत-प्रथिन) तयार करताना सापडतात, आणि ग्रॅन्युलोमाचा मधला भाग कुजलेला असेल तर टी पेशी त्याच्या कडेलाच थांबतात. जंतू असतात त्या मॅक्रोफेजपर्यंत त्या पोहोचतच नाहीत.

जास्तीचे इंटरफेरॉन-गॅमा थेट घातकही ठरू शकते. टी पेशींवर पीडी-१ नावाचा लगाम असतो. तो नसलेले उंदीर क्षयसंसर्गात लवकर मरतात, आणि त्यामागे टी पेशींनी बेसुमार सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमाचा मोठा वाटा असतो. माणसातली समांतर गोष्ट कर्करोगाच्या वॉर्डात दिसते. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे हाच लगाम सोडतात आणि ती घेणाऱ्या काही रुग्णांत सुप्त क्षय उफाळल्याच्या नोंदी आहेत. प्रतिकारशक्ती वाढवली तर क्षय दबायला हवा असे वाटणाऱ्यांनी या नोंदी जरूर वाचाव्यात.

आता पहिल्या कुळाकडे, म्हणजे अल्फा-बीटाकडे वळू. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. क्षयजंतूच्या जनुकसंचात आरडी-१ नावाचा एक तुकडा आहे. तो ईएसएक्स-१ ही स्रवणयंत्रणा घडवतो, आणि या यंत्रणेच्या जोरावर जंतू फॅगोसोमच्या भिंतीला भोके पाडतो. त्या भोकांतून जंतूचा डीएनए पेशीद्रवात सांडतो. पेशीद्रवात परका डीएनए सापडणे ही एरवी विषाणू शिरल्याची खूण असते, म्हणून सीजीएएस नावाचे प्रथिन धोक्याचा इशारा देते आणि स्टिंग या प्रथिनामार्फत इंटरफेरॉन-बीटा तयार होऊ लागते. म्हणजे एका जिवाणूविरुद्ध शरीर विषाणूविरोधी प्रतिसाद उभा करते. क्षयजंतूच्या बाबतीत हा प्रतिसाद बहुधा जंतूच्याच पथ्यावर पडतो. अल्फा-बीटा इंटरफेरॉनमुळे, जंतू रोखण्यासाठी आवश्यक असलेले इंटरल्यूकिन-१ दबते, प्रतिसाद थंड करणारे इंटरल्यूकिन-१० वाढते आणि मॅक्रोफेज गॅमाच्या हाकेला कमी दाद देते. संवेदनशील उंदरांत याच वाटेने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी फुप्फुसात गोळा होतात आणि ऊती कुजते. कुष्ठरोगातही असेच दिसते: जंतूंची बेसुमार वाढ झालेल्या लेप्रोमॅटस प्रकारच्या चट्ट्यांत अल्फा-बीटाची छाप असते, तर जंतू आटोक्यात राहिलेल्या ट्युबरक्युलॉइड प्रकारात गॅमाची.

आरडी-१ हा तुकडा बीसीजीत नाही. लसीतला जंतू आजार न करण्याइतका कमकुवत असण्याचे तेच मुख्य कारण. आयजीआरएत वापरले जाणारे ईएसएटी-६ आणि सीएफपी-१० हे प्रतिजनही याच तुकड्यातून येतात, म्हणून बीसीजी घेतल्याने आयजीआरए सकारात्मक होत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी ही नवी त्वचाचाचणीदेखील याच दोन प्रतिजनांवर आधारलेली आहे. जंतूला मॅक्रोफेजच्या आत पाय रोवू देणारा, अल्फा-बीटा इंटरफेरॉनला जागवणारा आणि आपल्याला निदान देणारा असा हा एकच तुकडा. मला हा क्षयरोगाच्या जीवशास्त्रातला सर्वांत मनोवेधक योगायोग वाटतो. पण तो योगायोगही नाही, कारण शरीराची टी पेशी-यंत्रणा याच प्रथिनांकडे इतक्या जोराने का वळते, हे त्यांच्या कामावरून काहीसे समजते.

२०१० मध्ये लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांवरील अभ्यासात सक्रिय क्षयरोग असलेल्यांच्या रक्तात ३९३ जनुकांच्या कमी-जास्त सक्रियतेचा एक ठसा सापडला. त्यात इंटरफेरॉनने जाग्या होणाऱ्या जनुकांचे वर्चस्व होते आणि तो मुख्यतः न्यूट्रोफिलमधून येत होता. एक्स-रेवर आजार जितका पसरलेला, तितका ठसा ठळक, आणि उपचार सुरू झाले की तो ओसरतो. आपण वाचले ते हेच असावे. ठशातील बरीच जनुके अल्फा-बीटा आणि गॅमा दोन्हींनी जागी होतात हे वर सांगितलेच आहे; त्यामुळे सारे खापर पहिल्या कुळावर फोडणे घाईचे होईल. तरी न्यूट्रोफिलचा सहभाग आणि उंदरांतील प्रयोग पाहता पहिल्या कुळाचा वाटा मोठा असावा, असे माझे मत आहे.

या ठशावरून पुढे कोणाला क्षयरोग होईल हे आधीच ओळखता येईल अशी आशा निर्माण झाली. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील किशोरवयीनांच्या पाठपुराव्यातून १६ जनुकांचा ठसा तयार झाला आणि आजार दिसू लागण्यापूर्वी काही महिने तो वाढतो हे दिसले. पण अशाच ११ जनुकांच्या ठशावरून निवडलेल्या निरोगी प्रौढांना १२ आठवड्यांचा प्रतिबंधक उपचार दिला, तेव्हा पुढे होणारा क्षयरोग कमी झाला नाही. शिवाय साधी विषाणूजन्य सर्दी झाली तरी हा ठसा वर जातो, जे त्याचे मूळ पाहता अटळच आहे. बोटाच्या टोचणीतून तीन जनुके मोजणारी काडतुसे तपासली जात आहेत आणि कोणाची थुंकी आधी तपासावी हे ठरवायला त्यांचा उपयोग होऊ शकेल. केवळ त्यांवरून निदान करण्याची वेळ अजून आलेली नाही.

तिसरा प्रश्न औषधाचा. इंटरल्यूकिन-१२ किंवा त्याचा ग्राहक सदोष असलेल्या मुलांत पेशींना गॅमाचा संकेत घेता येतो, फक्त तो मिळत नाही. म्हणून क्षयविरोधी औषधांच्या जोडीला इंटरफेरॉन-गॅमाची इंजेक्शने त्यांना खरोखर उपयोगी पडतात. गॅमाचा ग्राहकच पूर्णपणे नसेल, तर बाहेरून कितीही इंटरफेरॉन दिले तरी ते वाया जाते. तिथे मूलपेशी प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. इंजेक्शन लिहिण्याआधी जनुकीय निदान हवे ते यासाठी. सामान्य क्षयरुग्णांत १९९७ मध्ये बहुऔषधप्रतिरोधी क्षय असलेल्या पाच जणांना फवाऱ्यातून इंटरफेरॉन-गॅमा दिले, तेव्हा थुंकीतील जंतू घटल्याचे दिसले होते आणि मोठी अपेक्षा निर्माण झाली. पण ते नित्याच्या उपचारात येण्याइतका भक्कम पुरावा पुढे जमला नाही, आणि ग्रॅन्युलोमाची वर सांगितलेली रचना पाहता याचे आश्चर्य वाटू नये. पहिल्या कुळाचे इंटरफेरॉन-अल्फा एकेकाळी हिपॅटायटिस-सीवर सर्रास दिले जाई, आणि ते घेताना क्षय उफाळलेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. उलट दिशेने, अल्फा-बीटाचा दुष्परिणाम रोखण्यासाठी उंदरांत प्रोस्टाग्लॅंडिन-ई२ आणि दम्यासाठीचे झिल्युटॉन यांचा उपयोग झाल्याचे २०१४ मध्ये दिसले. माझ्या दृष्टीने पुढची वाट या बाजूची आहे, पण आज रुग्णाच्या चिठ्ठीवर लिहिण्यासारखे यात काही नाही.

आता त्या दोन भावंडांकडे. आयजीआरए ही स्मृतीची चाचणी आहे. रक्तातील टी पेशींना ईएसएटी-६ आणि सीएफपी-१० दाखवले असता त्या १६ ते २४ तासांत किती इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, एवढेच ती मोजते. तुलनेसाठीच्या नळीतील आकडा वजा केल्यावर ०.३५ आंतरराष्ट्रीय एकके प्रति मिलिलिटर किंवा अधिक आले, की ती सकारात्मक धरतात. या उंबरठ्याच्या आसपासचे आकडे त्याच माणसात पुन्हा केल्यावर इकडचे तिकडे होतात, ६.८ चे तसे होणार नाही, म्हणून मुलीला संसर्ग झालेला आहे हे मी निश्चित धरेन. दक्षिण आफ्रिकेतील बाळांत ४ एककांच्या वर गेलेल्यांना पुढे क्षयरोग होण्याचा धोका फार जास्त दिसला होता, पण तो आकडा प्रौढांना लावून मुलीच्या घरच्यांना घाबरवू नये. सुप्त संसर्ग असलेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी क्षयरोग होतो आणि त्यातील मोठा वाटा पहिल्या दोन वर्षांतला असतो. मुलीचा संसर्ग ताजा असण्याची शक्यता आहे, प्रतिबंधक उपचार द्यायला एवढे पुरे आहे.

मुलाचा ०.०९ हा आकडा मात्र मी लगेच स्वीकारणार नाही. संसर्गानंतर टी पेशींचा प्रतिसाद मोजण्याइतका वाढायला काही आठवडे लागतात, म्हणून वडिलांचा शेवटचा संसर्गजन्य संपर्क संपल्यानंतर ८ ते १० आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. त्याच्या अहवालात मायटोजेनच्या नळीचा, म्हणजे टी पेशींना सरसकट उत्तेजन देऊन त्या मुळात प्रतिसाद देतात का हे पाहणाऱ्या नळीचा, आकडाही पाहावा. तो कमी असेल तर निकाल नकारात्मक नसून अनिश्चित असतो, आणि कारण प्रतिकारशक्तीच्या दोषात असू शकते तसेच वाहतुकीतही. नळीत थेट घेतलेले रक्त १६ तासांच्या आत ३७ अंश सेल्सिअसवर ठेवावे लागते. तालुक्याच्या गावाहून शहरातील प्रयोगशाळेत नमुना पाठवताना हे वेळापत्रक किती वेळा चुकते याची आपल्याला कल्पना असेलच. राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रमानुसार, सक्रिय क्षयरोग नाही याची खात्री झाली असेल तर चाचणी उपलब्ध नाही एवढ्याच कारणाने घरातील संपर्कातील व्यक्तीचा प्रतिबंधक उपचार अडवू नये, हेही लक्षात असू द्यावे.

प्रतिबंधक उपचार सुरू करण्यापूर्वी वडिलांच्या जंतूची औषधसंवेदनशीलता पाहावी, कारण जंतू आयसोनियाझिडला किंवा रिफाम्पिसिनला दाद देत नसेल तर मुलांची औषधे बदलावी लागतील. आयसोनियाझिड आणि रिफापेंटिनचे आठवड्यातून एकदा असे १२ डोस द्यायचे ठरल्यास मुलगी गरोदर नाही याची खात्री करावी, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर रिफापेंटिनमुळे त्यांचा प्रभाव कमी होतो हे तिला स्पष्ट सांगावे. उपचार पूर्ण झाल्यावर, किंवा वडील बरे झाले की नाही हे पाहण्यासाठी, आयजीआरए पुन्हा करू नये; जंतू गेल्यावरही टी पेशींची स्मृती वर्षानुवर्षे टिकते, आकडा मनमानी वर-खाली होतो, आणि त्यावरून कोणताही निर्णय घेता येत नाही. वडिलांसाठी थुंकीची तपासणी आणि वजन, आणि मुलांसाठी पुढची दोन वर्षे खोकला, ताप, वजनघट यांची चौकशी व गरज पडल्यास एक्स-रे, एवढे सातत्याने केले तरी पुरे.